दोन काचांमधला दादा

उजाडायच्या आधीपासून जिना माणसांनी भरलेला होता. तळमजल्यावरच्या न्हाव्याच्या दुकानापासून थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत. थंडी अशी की आपलं नाक जागेवर आहे का ते हात लावून बघावं लागत होतं. कुणाच्या हातात फुलं, कुणाच्या हातात मेणबत्ती. एका बाईने नवऱ्याचा डाग पडलेला शर्ट आणला होता. वर काचेत जो प्रकटतो तो हयातीत लाँड्रीवाला होता, तेव्हा शर्ट नुसता काचेला टेकवला तरी डाग जाईल, असा तिचा हिशोब. तिच्या मागचा माणूस तिला विचारत होता की ब्लँकेट चालतं का.

या गर्दीतून आत्या वर चढत होती. आत्या म्हणजे त्या लाँड्रीवाल्याची धाकटी सख्खी बहीण. सगळी नोकरी बसमध्ये कंडक्टर म्हणून केलेली. रिटायर झाली तरी आवाज रिटायर झालेला नव्हता. "पुढे सरका, मधे जागा आहे" म्हणत ती कोपराने वाट काढत होती, आणि लोक सवयीने सरकत होते. एकाने रांग मोडू नका म्हणून हटकलं, तेव्हा ती म्हणाली, "माझ्या भावाला भेटायला मला रांग? पास आहे माझ्याकडे."

दोन दिवसांपूर्वी भाच्याचा फोन आला होता. आईचा खोकला थांबत नाही, ती ऐकत नाही, आत्या तू ये. एवढंच बोलला आणि रडला. बँकेत काम करणारा, टाय लावणारा माणूस. आत्याला तेव्हाच कळलं की पाणी डोक्यावरून गेलंय.

खोलीत पाय टाकला तर बाहेरची थंडी बरी म्हणावी असा गारठा. हीटर बंद. दोरीवर ओले टॉवेल टांगलेले. भिंतीच्या कोपऱ्यात बुरशीचे काळे डाग चढलेले. आणि खिडकीसमोर खुर्चीत वहिनी. अंगात दादाचा जुना ओव्हरकोट, डोक्याला शाल, पाय पोटाशी. एवढीशी झालेली. श्वास घेताना छातीतून जुनी बिजागरी कुरकुरावी तसा आवाज.

खिडकी दुहेरी काचेची. मधे बोटभर जागा. आणि त्या काचेच्या बरोबर मध्यावर धुक्याचा एक गोल, उभट, माणसाच्या तोंडाएवढा. खाली पाण्याचे दोन ओघळ, दोन्हीकडे वळलेले. दादाला मिशा होत्या, अशाच खाली वळलेल्या. आता मिशा निम्म्या जगाला असतात. पण काय खोटं बोलायचं, आत्याचंही काळीज एकदा हललं. मेलेल्या माणसाच्या मिशा अशा समोर आल्या की माणूस तिकीट विचारायचं विसरतो.

खिडकीशेजारी बाबा उभा होता. काचबाबा. गोरागोमटा, गाल भरलेले, पांढरी शाल, खाली लोकरीचे जाड मोजे. आवाज मधात भिजवून ठेवलेला. त्याने खिशातून रुमाल काढला आणि काच आतून पुसली. धुकं तसंच. मग त्याने खिडकी आत ओढून उघडली, बाहेरची बाजू पुसली, पुन्हा लावली. धुकं तसंच.

"आतून पुसलं," बाबा म्हणाला, "गेले का? नाही. बाहेरून पुसलं, गेले का? नाही. मग बाळांनो, ते आहेत कुठे? घरात नाहीत. दारात नाहीत. या लोकी नाहीत, त्या लोकी नाहीत. दोहोंच्या मधे आहेत. बायकोच्या प्रेमापोटी अडकलेत."

दाराशी कोंबलेल्या माणसांनी एकदम श्वास सोडला. डागवाल्या बाईने डोळ्यांना शर्ट लावला, डाग होता त्याच बाजूने.

मग उन्हाची तिरीप समोरच्या इमारतीवरून खाली उतरली, काचेवर आली, आणि गोल हळूहळू विरत गेला. आधी कपाळ गेलं, मग गाल, शेवटी मिशा. बाबाने जाहीर केलं की ते कामावर निघाले. दादा खरोखरच ऊन पडता पडता दुकान उघडायचा, त्यामुळे हेही लोकांना पटलं. वहिनी काचेकडे बघून हळूच म्हणाली, "मफलर घेतलात ना?" आणि तिला अशी उबळ आली की सूनबाईने धावत येऊन पाठ धरली.

गर्दी पांगली. बाबा स्वयंपाकघरात गेला. तिथे हीटर लालभडक पेटलेला होता. बाबाने मोजे काढले, तळवे हीटरसमोर धरले आणि सूनबाईला सांगितलं की अंडी कालच्यासारखी कडक नकोत. भाचा आणि सून हॉलमध्ये जमिनीवर झोपत होते, कारण त्यांची उबदार खोली बाबाला दिलेली. आत्म्याच्या जवळपास राहावं लागतं म्हणे. आत्म्याच्या खोलीत मात्र तो एकही रात्र झोपला नव्हता.

आत्याने भाच्याला जिन्यात ओढलं. भाच्याने सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, कोरड्या आणि उबदार खोलीत ठेवा. एकदा हॉस्पिटलात नेऊन आणलं, आता पुन्हा तसं झालं तर परत आणता येईलच असं नाही. पण बाबा म्हणतो, हीटर लावला तर आत्मा पोळतो. आणि ओले टॉवेल कशाला, तर दादा लाँड्रीवाला, त्याला ओल्या कपड्याचा वास लागतो.

"तू हीटर लावून का नाही टाकलास?"

"लावला होता ना आत्या. बाबा गेले. म्हणजे माझे बाबा. खरंच गेले, काच स्वच्छ झाली. आई दिवसभर जेवली नाही. म्हणाली, पोटच्या पोराने बापाला जाळलं." भाचा खाली बघत राहिला. "काच बदलू म्हटलं, तर हा काचबाबा सांगतो की आत्मा बेघर होईल."

आत्याने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग त्याच डोक्यावर एक टपली मारली. दोन्हींची गरज होती.

ती खाली उतरून न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसली. न्हावी दादाचा जुना दोस्त, चहा पाजल्याशिवाय सोडत नसे. दुकानात मरणाची गर्दी. आत्या मागच्या बाकावर चहा फुंकत बसली, नजर सहज मागच्या खिडकीकडे गेली, आणि चहा तोंडाशी तसाच राहिला. ही खिडकी अंधाऱ्या बोळाकडची, ऊन न लागणारी. तिच्या काचेच्या मध्यावर धुक्याचा गोल. उभट. खाली दोन ओघळ. डावी मिशी जराशी वाकडी, बाकी तोच माणूस.

"हे कधीपासून?"

"ते होय, जुनं आहे," न्हावी वस्तऱ्याला धार लावत म्हणाला. "थंडी पडली की येतं. दादा याच्याच खाली बसून दाढी करून घ्यायचा."

"म्हणजे माझा भाऊ खुर्चीत जिवंत बसलेला असायचा, आणि डोक्यावर काचेत त्याचा आत्माही असायचा?"

न्हाव्याचा हात थांबला. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने फेसातून एक डोळा उघडला.

"मग वर जाऊन बोलला का नाहीस?"

न्हाव्याने वस्तरा पुन्हा पट्ट्यावर घासायला घेतला. मग खालच्या आवाजात म्हणाला की वहिनीचं दुःख मोठं, आपण कोण बोलणारे. आत्या नुसती त्याच्याकडे बघत राहिली. बसमध्ये फुकटे प्रवासी याच नजरेला घाबरून खिशात हात घालत. शेवटी न्हाव्याने खरं काय ते बाहेर काढलं. दर्शनाला जायच्या आधी लोक दाढी करून घेतात. एवढा धंदा त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. आणि बोलायला बसलाच होता तर आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. हा काचबाबा पूर्वी दारोदार पडदे विकायचा. त्याच्याही दुकानात मापं घ्यायला आला होता. तेव्हा शाल नव्हती, गळ्यात टेप असायची.

आत्याने चहा संपवला. पडदेवाला म्हणजे आयुष्यभर लोकांच्या खिडक्या बघत फिरलेला माणूस. कुठल्या काचेत धुकं धरतं, कधी धरतं, कधी जातं, हे त्याला पाठ असणार. बाकी राहिलं एक ताजं दुःख असलेलं घर शोधणं. ते काय, कुठल्याही गल्लीत मिळतं.

मग तिने गल्ली पालथी घातली. खाटकाच्या दुकानात दादा होता, टांगलेल्या बकऱ्याच्या मागे. आत्या खाटकाला म्हणाली, माझ्या भावाने जन्मात मटणाला हात लावला नाही, मेल्यावर बरी चव लागली त्याला. पोस्टाच्या मुतारीतही दादा होता, तिथे तर दोन दोन. तिथून ती गल्लीच्या टोकाला काचवाल्याकडे गेली आणि दारातूनच विचारलं, "माझा भाऊ किती जणांच्या घरात घुसलाय, आणि का?"

काचवाला हडकुळा, सावध माणूस. आधी त्याने दार लावलं. मग फळीवरून एक जुनी काच उतरवली आणि कोपऱ्यावर बोट ठेवून समजावलं. ही दिसते एक, असतात दोन. मधे ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी, कडेने चारी बाजूंनी सील. आतली हवा आत, बाहेरची बाहेर. पट्टीच्या पोटात बारीक दाणे भरलेले असतात, औषधाच्या बाटलीत पुडी येते ना तसले. चुकून थोडी ओल आत राहिली तर ते पिऊन टाकतात. पण सील फाटलं की ओल येतच राहते. दाणे पिऊन पिऊन फुगतात, आणि एक दिवस त्यांना आणखी पिववत नाही. मग थंडी पडली की ती ओल काचेच्या आतल्या अंगाला बसते. बरोबर मधे का, तर थंडीत दोन्ही काचा मध्यावर पोट आत घेतात, एकमेकींच्या जवळ येतात, तिथे गारवा सगळ्यात जास्त. म्हणून गोल. आणि पाणी जड झालं की ओघळतं. म्हणून मिशा.

"आणि आतून बाहेरून पुसून जात नाही, ते?"

"तीच तर ओळख. आतून पुसलं आणि गेलं, तर ती घरातली वाफ. बाहेरून पुसून गेलं, तर दव. दोन्हीकडून नाही गेलं, तर सील गेलं."

आत्याला हसावं की रडावं कळेना. धंद्यातली पहिली परीक्षा, जी काचवाल्याच्या दुकानात पहिल्या दिवशी शिकवतात, तीच तो बाबा रोज सकाळी चमत्कार म्हणून करून दाखवत होता. काचेच्या आजाराची खूण दाखवून देव विकत होता.

तू का गप्प बसलास, असं तिने यालाही विचारलं. काचवाला म्हणाला की एकदा तोंड उघडलं होतं. लोक म्हणाले, नवी काच खपवायला आला. "आणि आत्या, नवी काच मी खपवतोच की. माझं कोण ऐकणार?"

हे मात्र आत्याला पटलं. ती म्हणाली, "तू बोलू नकोस. बोलायचं काम माझं. तू उद्या हत्यारं घेऊन जिन्यात उभा राहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच गर्दी, तीच शाल, तोच रुमाल. आत्या कोपऱ्यात गप्प उभी होती. भाच्याला तिची ही शांतता बघून घाम फुटला होता. ऊन आलं, गोल विरला, बाबा म्हणाला कामावर निघाले. लोक वळणार, तोच आत्या बोलली.

"बाबा, माझं एक काम राहिलंय त्याच्याशी. जरा परत बोलवता?"

बाबा हसला. "माई, आत्मा काही नोकर नाही. तो त्याच्या वेळेला येतो. मी पहाटे हाक मारतो, तेव्हाच."

"मग मी मारून बघू का?"

लोक थांबले. तमाशा असला की माणसाला उशीर होत नाही. आत्याने सूनबाईला खूण केली. सूनबाईने फ्रीजरमधून टॉवेलात गुंडाळलेली वस्तू आणली. दादाची जुनी, लोखंडी, जडशीळ इस्त्री. रात्रभर आत ठेवलेली, वर पांढरं बर्फ धरलेलं. आत्याने ती काचेवर आतल्या बाजूने सपाट दाबून धरली. भाचा आळीपाळीने ओठ चावत होता. जरा वेळाने आत्याने इस्त्री उचलली, काच आतून कोरड्या फडक्याने खसाखसा पुसली, आणि बाजूला झाली.

दोन काचांच्या मधे धुक्याची इस्त्री उमटली होती. टोकासकट.

डागवाल्या बाईने हात जोडले. "बघा, त्यांची इस्त्री पाठवली त्यांनी."

आत्याने कपाळावर हात मारला. अंधश्रद्धेचं हे असं असतं, तिला खड्ड्यातून काढायला दोर टाकावा तर ती दोराचीच पूजा मांडते. आत्या म्हणाली बरं बाई, थांब. तिने फ्रीजरमधून पातेलं मागवलं. दाबलं, पुसलं. काचेत गोल पातेलं आलं. मग झारा मागवला. काचेत भोकाभोकांचा झारा आला. आता मात्र पाठीमागे कुणीतरी खुसखुसलं. न्हावीच असावा.

"दादा माझा लाँड्रीवाला होता," आत्या म्हणाली, "भांडीवाला नव्हता." मग तिने सुनेचं केस वाळवायचं यंत्र घेतलं आणि काचेवर गरम वारा सोडला. झारा गेला, पातेलं गेलं, इस्त्री गेली. "गरम केलं की जातो, गार केलं की येतो. माझ्या घंटीवर चढतो, माझ्या घंटीवर उतरतो. याला आत्मा म्हणायचं, तर मग थंडीत दर श्वासाला आपल्या तोंडातून जी वाफ निघते, ती कोण?"

बाबाचे गाल लाल झाले होते. पण मुरलेला माणूस. त्याने आवाजात आणखी थोडा मध ओतला. "यंत्रांनी आत्म्याला छळू नका माई. तुम्ही त्यांच्या सख्ख्या बहीण ना? भाऊ तडफडतोय आत."

आणि तेव्हा वहिनी खुर्चीतून उठली. कोट जमिनीवर लोळत होता. आत्याला वाटलं, आता ही बाबाला सुनावणार. वहिनी आत्याकडेच बघत होती.

"वन्सं, पुरे करा," ती म्हणाली. श्वास पुरत नव्हता, शब्द तुटत होते. "एकदा हे हॉस्पिटलात गेले माझ्या हातून. आज तुम्ही दुसऱ्यांदा नेलंत."

आत्याच्या हातात ते यंत्र नुसतंच घोंघावत होतं. बंद करायचं तिला सुचलं नाही, सूनबाईने हळूच पिन काढली. गाडीभर भांडणारी माणसं बोलून गप्प करणारी बाई, पण या एका वाक्यापुढे तिच्याकडे सुटे नव्हते. चमत्कार मोडला होता, आणि वहिनी अजून थंडीतच उभी होती. मग मोडून मिळवलं काय?

बाबाने संधी साधली. वहिनीच्या खुर्चीवर शाल सारखी करत तो म्हणाला की बसा आई, उद्या पहाटे मी पुन्हा बोलावतो, ते रागावले नसतील.

काचवाला तेवढ्यात खिडकीपाशी जाऊन पोचला होता. बोलायचं नाही असं त्याला बजावलेलं, म्हणून बिचारा बोलला नाही. त्याने खिडकी उघडली, टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला आणि चौकटीच्या खालच्या खाचेत ओतला. पाणी तिथेच तुंबून राहिलं. तो वाट बघत राहिला. मग न राहवून म्हणाला, "हे बाहेर निघायला पाहिजे. पावसाचं पाणी जायला खाली भोकं ठेवलेली असतात. तुमची बंद आहेत."

त्याने खिशातून तार काढली आणि खाली वाकून भोकात घातली. अडकली. त्याने पीळ देऊन ओढली, तेव्हा बोटाच्या पेराएवढी एक काळी, कुजकी वळकटी बाहेर आली. वर मेण थापलेलं. त्याने ती तळहातावर उलगडली. पाणी मागून गळगळ करत निघून गेलं.

वहिनीने हात पुढे केला. तिने ती चिंधी बोटांत चोळली, उजेडात धरली.

"बकरम आहे हे," ती म्हणाली. "कॉलरच्या आतलं कडक कापड. फाटक्या शर्टांच्या कॉलरी उसवून जमवायचे हे, फेकू द्यायचे नाहीत."

मग ती सांगत गेली. ती इथेच बसून गिऱ्हाइकांच्या शर्टांना बटणं लावायची. पहिल्यांदा छाती बिघडली त्या हिवाळ्यात ती म्हणाली होती, या खिडकीखालून पायांना वारा लागतो. हे रविवारी गुडघ्यांवर बसले, मेणबत्ती वितळवून, एकेक वळकटी करून भोकं बुजवत. म्हणाले, आता बघू कशी थंडी येते. इतके खूश झाले की गल्लीभर सांगत फिरले.

दाराकडून न्हावी पुटपुटला, "माझीही त्यानेच बुजवली. बकरम फुकट दिलं." आणि मागून खाटकाचा आवाज आला, की हो, माझीही.

काचवाल्याने मान डोलावली. पाणी तुंबलं की काच पाण्यात उभी राहते, वर्षानुवर्षं. सील पाण्यात भिजून कुजतं. म्हणून या गल्लीतल्या काचा एवढ्या लवकर आणि एकाच पद्धतीने गेल्या. बाहेर जायची वाट बुजवली, तर पाणी दुसरी वाट काढणारच.

आत्या वहिनीजवळ गेली. आता तिचा आवाज बसमधला नव्हता.

"वहिनी, ऐक. हे दादानेच केलंय. तू म्हणतेस ते अर्धं खरंच आहे. पण मेल्यावर नाही केलं, जिवंतपणी केलं. आणि कशासाठी केलं? तुझ्या पायांना वारा लागू नये म्हणून. त्याला खिडकीतलं कळत नव्हतं, चुकला. पण जो माणूस तुझ्या पायांसाठी जमिनीवर लोळला, तो मेल्यावर तुला गारठ्यात बसवून, ओले टॉवेल टांगून तुझा जीव घेईल? हा कुठला दादा? माझा तरी नव्हता. आणि तुझा?"

वहिनीने ती चिंधी पुन्हा वळकटीसारखी बोटाभोवती गुंडाळली. मग तिला हसू आलं. हसण्याबरोबर खोकला आला, खोकल्याबरोबर डोळ्यांतून पाणी, आणि कशाचं पाणी कुठलं हे तिचं तिलाही कळलं नसावं.

"सगळ्या गल्लीच्या खिडक्या घालवल्या की हो ह्यांनी," ती म्हणाली. "आणि स्वतःला मोठे कारागीर समजायचे."

मग तिने मुलाला हीटर लावायला सांगितलं. टॉवेल काढून टाकायला सांगितले. बाबा घाईघाईने म्हणाला की आई, घाई करताय, ते पोळतील. वहिनी त्याच्याकडे वळली. तिने त्याच्या पायांकडे पाहिलं, त्या जाड लोकरीच्या मोज्यांकडे, आणि मग वर.

"तुम्हाला का नाही पोळलं हो, आमच्या स्वयंपाकघरात?"

बाबाने शाल आवरली, दोन्ही हात वर केले आणि जाहीर केलं की लाँड्रीवाल्याला आजच, आत्ताच मुक्ती मिळालेली आहे आणि आपलं कार्य संपलं आहे. जिन्यावरून तो ज्या वेगाने उतरला तो बघता मुक्ती नक्की कोणाला मिळाली याबद्दल लोकांत दोन मतं होती. डागवाली बाई त्याच्या मागे धावली. शर्टाचं काय, असं विचारत. न्हावी तिला म्हणाला, साबण लावा.

काच बदलायची म्हणजे सगळी खिडकी उपटावी लागेल अशी भाच्याची समजूत होती. तसं नसतं. चौकट तीच राहते. काचवाल्याने काचेची लांबी, रुंदी आणि जाडी मोजली, कडेच्या पट्ट्या सोलून जुनी दुहेरी काच उचलली, नवी बसवली. खाली प्लास्टिकचे तुकडे ठेवले, काच पाण्यात उभी राहू नये म्हणून. सगळी भोकं तारेने मोकळी केली. एकजण स्वस्तात जुन्याच काचेला भोक पाडून आतली ओल वाळवून द्यायला तयार होता. काचवाला म्हणाला, करतात तसं, पण फाटलेलं सील फाटलेलंच राहतं, धुकं पुन्हा येतं. गेलेल्या वस्तूला गेली म्हणावं आणि नवी आणावी. हे ऐकताना वहिनीने एकदा डोळे मिटले होते, आणि मग होकाराची मान हलवली होती. वारा येतो म्हणाल तर त्यासाठी झडपेच्या कडेला रबर असतं, ते तिने नवं लावून घेतलं. डॉक्टर पुढच्या वेळी आले तेव्हा त्यांनी छाती तपासली, भिंती तपासल्या, आणि पहिल्यांदाच न ओरडता गेले.

त्या हिवाळ्यात एका सकाळी आत्या आली तेव्हा वहिनी झोपलेली होती. ऊन डोक्यावर यायच्या बेतात, आणि ही पांघरुणात, तोंड उघडं टाकून, घोरत. छातीत बिजागरीचा आवाज नव्हता, नुसतं घोरणं. आत्या खुर्ची ओढून बसली आणि तिने ते घोरणं ऐकलं. गाणं ऐकावं तसं.

थोड्या वेळाने दार वाजलं. लांबच्या गल्लीतून एक माणूस बायकोला घेऊन आला होता. त्यांच्याही खिडकीत कोणी तरी दिसतं म्हणे. एक पांढऱ्या शालीतला महाराज येऊन सांगून गेला की ती तुमची आई आहे, आणि खोली थंड ठेवा. इथे पूर्वी असंच झालं होतं असं कळलं, म्हणून विचारायला आले.

आत्या बाह्या सरसावून उठली, पण वहिनी जागी झाली होती. तिने शाल पांघरत त्या बाईला जवळ बसवलं, तिचं ऐकून घेतलं, आईबद्दल विचारलं. बाई रडली, तेव्हा तिला रडू दिलं. मग टेबलावरचं फडकं तिच्या हातात दिलं.

"घरी जा," वहिनी म्हणाली. "काच आधी आतून पूस, मग बाहेरून पूस. दोन्हीकडून धुकं गेलं नाही, तर काचवाल्याला बोलाव. आईची आठवण काढायला खिडकी लागत नाही, आणि थंडी तर मुळीच लागत नाही. आणि जो कोणी तुला सांगेल की गारठ्यात बस, त्याला म्हणावं, आधी तू बसून दाखव."